मोघे सरांचा बंद पडलेला दगडांचा क्लब

मोघे सरांना पंचाहत्तर वर्षं झाली. त्यांच्या गौरवाच्या या पुस्तकात सगळे चांगलं लिहितील. मी चौथीपर्यंत शिकलेली. मी सांगतेय, नात सायली लिहितेय.

सर पहिल्यांदा मानपाड्याला आमच्या घरी आले, ते सायलीला क्लबात पाठवता का विचारायला. पोरांना खदानीत नेऊन दगड गोळा करायचे म्हणे. मी म्हटलं, आमचा जन्म शेतातले दगड वेचून बांधावर टाकण्यात गेला, तुम्ही ते घरात आणताय. सर हसले नाहीत. ओट्याजवळचा एक दगड उचलून त्यांनी फोडला. आत पांढऱ्या सुया उभ्या, भाताच्या कुसांसारख्या. सायलीला मीच पाठवलं.

सरांची शिस्त कडक. डोळ्यांना जाड चष्मा नाही, तर हातोडी नाही. निघताना प्रत्येकाला विचारूनच हातोडी देत. पोराच्या शब्दावर त्यांचा विश्वास. एका सहलीला सायली "आहे, सर" म्हणाली. तिनं आदल्या दिवशीच चष्मा पिशवीत ठेवलेला. सकाळी डबा मावेना, म्हणून मी तो काढून फळीवर ठेवला आणि तिला सांगितलं नाही. खदानीत पिशवी उघडल्यावर तिला कळलं. सर बाजूला बसवतील या भीतीनं तिनं सगळ्यांकडे पाठ करून दगडावर घाव घातला. कपची उडाली. डावा डोळा गेला.

दवाखान्यात माझा मुलगा सरांच्या अंगावर धावला. सर एवढंच म्हणाले, "चूक माझी. मी पिशवी उघडून बघायला हवी होती."

मी शेजारीच उभी होते. बोलले नाही.

क्लब बंद पडला. सर दिसले की बायका पोरांना घरात ओढायच्या. तरी ते दर आठवड्याला आमच्याकडे येत राहिले. एका डोळ्याला अंतर कळत नाही, सायलीचा चहा कपाबाहेर सांडायचा. किटलीची चोच आधी कपाच्या काठाला टेकवायची, मग ओतायचं, हे त्यांनी शिकवलं. माझ्या मुलानं त्यांना कधी पाणीसुद्धा विचारलं नाही.

आत्ता हे सांगताना सायलीचा हात थांबला. म्हणाली, "आजी, मला माहीत होतं. डबा तूच ठेवलेलास. मी सरांना दवाखान्यातच सांगितलं."

मग सर काय म्हणाले, मी विचारलं.

"म्हणाले, घरात बोलू नकोस. तुला अजून तिच्याच हातचं जेवायचंय."

तर मंडळी, तुम्ही सरांना जे बोललात ते माझ्या नावावर लिहा. मुलालाही हे छापलेलं वाचूनच कळेल. पुढचं मी बघेन. माझं आयुष्य सरांना लागो, असं म्हणायची रीत आहे. मी म्हणत नाही. माझं मला भोगायचंय. देवानं त्यांना वेगळं, कोरं द्यावं, पोरांना घेऊन खदान चढता-उतरता येईल असं.