उद्याचा अंदाज : शून्य लिटर

चौकात टाकलेला उताऱ्याचा नारळ उचलून त्याचं खोबरं खाल्लेला माणूस आहे मी. भूत, चकवा, भानामती असलं कुणी सांगायला लागलं की आधी हसायचो. या ग्रुपवरचे अनुभवही टाइमपास म्हणूनच वाचायचो. आज स्वतः लिहायला बसलोय... आणि त्यात भूत नाहीच. एक कॉम्प्युटर आहे, लख्ख दुपार आहे आणि माझे काका आहेत.

मी लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरचा. गावाजवळ एका खासगी दूध शीतकरण केंद्रावर मॅनेजर आहे. मॅनेजर म्हणजे टँकर, फॅट, शेतकऱ्यांची बोलणी – सगळं माझ्याच डोक्यावर. आसपासच्या गावांतून सकाळी दूध येतं. पूर्वी कुठल्या गावाला मोठी गाडी पाठवायची, कुठे छोटी, मिठाईवाल्यांना किती दूध कबूल करायचं, हे आमचे शेठ अंदाजपंचे ठरवायचे. चुकलं की दूध नासायचं, नाहीतर गाडी रिकामी फिरायची. म्हणून सिस्टीम बसवली. प्रत्येकाचं रोजचं दूध तिच्यात चढतं. म्हैस कधी व्याली, कधी आटली, सण कोणता, पाऊसपाणी काय, हे सगळं बघून ती दुपारी दुसऱ्या दिवसाचा अंदाज देते, अगदी माणसागणिक. निर्णय मात्र माझा... निदान कागदोपत्री.

काका तिची जाम टिंगल करायचे. वडील लवकर गेले, मला शिकवलं ते काकांनीच. मळ्यात वांगी-मेथी आणि दोन म्हशी. रोज मोटरसायकलला कॅन बांधून स्वतः केंद्रावर यायचे. ताप असो, पाऊस असो, खाडा नाही म्हणजे नाही.

"काय म्हन्ते बे तुही मशीन? उद्या मी किती दूध आनतो?"

मी आकडा सांगायचो. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम तांब्याभर दूध घरी ठेवून यायचे आणि सगळ्यांदेखत म्हणायचे, "हारली ना तुही मशीन!"

मग पहिलं शून्य आलं. रोज दूध घालणाऱ्या एका शेतकऱ्याच्या नावापुढे. मला वाटलं, एन्ट्री चुकली. फोन केला तर तो म्हणाला, "म्हैस मस्त हाय ना भाऊ, आत्ता कुटार खाऊन राह्यली." सकाळी तो आलाच नाही. पहाटे म्हैस दावं तोडून विहिरीत पडली होती.

योगायोग म्हणून सोडून दिलं. पण पुढे एका अख्ख्या गावापुढे शून्य. आभाळ स्वच्छ. मी म्हटलं गाडी पाठवू, शेठ म्हणाले नको. पहाटे वरच्या अंगाला असा पाऊस झाला की नाल्यावरचा पूलच वाहून गेला. गाडी गेली असती तर अडकलीच असती. शेठ खूश!

"पाह्यलं? तुह्यापेक्षा मशीनले जास्त समजते."

"पण शेठ, तिला कळलं कसं?"

"तुले आंबे खायचे का झाडं मोजायचे?"

सिस्टीमवाल्या इंजिनिअरला विचारलं. त्याने सगळं तपासलं, काही सापडलं नाही. "सर, ती फक्त मागचा डेटा बघते. ज्याचा खाडाच नाही त्याला ती शून्य देणार कुठून?"

आणि एका दुपारी काकांच्या नावापुढे शून्य.

पुन्हा अंदाज काढला. शून्य. म्हशींची माहिती नव्याने भरली. शून्य. शेवटी मॅनेजरचा अधिकार वापरून मी हातानेच नेहमीचा आकडा टाकला. स्क्रीनवर तो दिसायला लागला, पण तो माझा होता, हे मला ठाऊक होतं ना...

तसाच मळ्यात गेलो. काका मेथीच्या जुड्या बांधत बसले होते, ठणठणीत. म्हशी रवंथ करत होत्या. माझ्या डोळ्यांसमोर फक्त रस्ता येत होता. रस्त्यावरचे ट्रक आणि काकांची ती जुनी मोटरसायकल.

"काका, उद्या दूध घेऊन येऊ नका."

"काऊन बे?"

काय सांगणार? ठोकून दिलं की केंद्राचं मशीन बिघडलंय, उद्या कुणाचंच दूध घेणार नाही. मला वाटलं होतं वाद घालतील. ते म्हणाले, "बरं झालं. एक दिवस मलेही सुट्टी." परत येताना मला चक्क जिंकल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर दूध मोजणं चालू असताना काकूचा फोन आला. काकांच्या छातीत कळ आली होती. मी गाडी घेऊन मळ्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. ओट्यावर भरलेला कॅन तसाच होता. सवयीने दूध काढून ठेवलं होतं त्यांनी.

रोज त्या वेळेला काका केंद्रावर माझ्या शेजारी उभे असायचे. तिथे गाड्या असतात, समोरून मेहकरच्या दवाखान्याकडे रस्ता जातो. आले असते तर वाचले असते? की वाटेतच एकटे पडले असते? मला शून्य दिसलं म्हणून मी त्यांना थांबवलं... की मी थांबवणार होतो म्हणून शून्य दिसलं? तुमच्यापैकी कुणाला उत्तर सुचलं तर सांगा, मी कुणाचंही ऐकायला तयार आहे.

माणसागणिक अंदाज बंद करा म्हणून शेठच्या पाया पडलो. ते म्हणाले, "त्याच्यावरच तं धंदा चालू हाय." त्यामुळे दुपारी अजून मीच तो उघडतो. आता शून्य दिसलं तरी कुणाला फोन करत नाही. करून सांगू काय?

तेरवी झाली तेव्हा काकूने मला जवळ बसवून घेतलं. म्हणाली, "तू त्याईले थांबवलं ते लय चांगलं केलं रे. जलमभर चहा उभ्यानंच पेले. त्या दिवशी माह्यासंग बसून पेले, हसले, आमच्या पोरीच्या लग्नाचं काढलं. देवानंच तुले बुद्धी देली."

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगते. मी तिथे असलो की माझा हात धरून सांगते. मी हो म्हणतो.