काचेपाशी बसलेली बाई

व्हिएन्नातला राजवाडा बघून आम्ही बाहेर आलो. मुलगा आणि सून फोटो काढत होते. माझं लक्ष समोरच्या हॉटेलातल्या एका बाईकडे गेलं. माझ्याच वयाची असेल, साठीच्या पुढची. काचेपाशी एकटीच बसली होती. पुढ्यात कॉफी आणि केक. एक घास घ्यायची आणि मग काटा ठेवून कितीतरी वेळ रस्त्याकडे बघत राहायची. घरी कुणी खोळंबलंय, असं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं.

आत राण्यांचे एवढे पलंग, आरसे पाहिले, तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. या बाईचा मात्र फार हेवा वाटला. असं निवांत मी कधी बसले? माहेरी नाही, सासरी नाही. माझं जेवण सगळ्यांच्या मागून, ओट्याशी उभ्यानंच उरकलेलं.

मग आम्हीही त्याच हॉटेलात शिरलो.

"आई, तुमच्यासाठी काय सांगू?" सुनेनं विचारलं.

मला त्या काचेपाशी बसलेल्या बाईसारखंच सगळं हवं होतं. तोंडातून निघालं, "मला काही नको गं. तुझ्यातलीच घोटभर दे."

"अहो, एवढ्या लांब आलोय, घ्या की!"

"नको. वाया जाईल."

"सोड गं," मुलगा हसला. "आईचं हे असंच."

तेवढ्यात ती बाई उठली. तिनं सावकाश कोट चढवला आणि अर्धा केक बशीत तसाच टाकून, मागं न बघता निघून गेली. मी आणखीच जळले.