बटणांचा जीपीएस

गेल्या श्रावणात बारा बायकांना घेऊन एक किल्ला उतरताना मी धुक्यात चुकीच्या घळीत शिरले. घळीच्या तळाशी माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा घोटा मोडला. गावकऱ्यांनी तिला घोंगडीच्या झोळीतून खाली आणलं. फोन ओला होऊन बंद पडला म्हणून वाट चुकली, असं मी सगळ्यांना सांगितलं. यंदा ग्रूपने पुन्हा ट्रेक ठरवला आणि तीही येते म्हणाली. या वेळी तिला धडधाकट घरी आणायचंच, म्हणून मी हातात धरायचा जीपीएस शोधायला निघाले. त्या शोधाने मला माणसांचा वीट आणला.

वाशीच्या दुकानदाराने रंगीत टच स्क्रीनचं एक धूड पुढे केलं. "मॅडम, मिलिटरीवाले पण हेच वापरतात. बिनधास्त न्या." उपग्रह पकडतो का दाखवा म्हटलं, तर हा बाबा स्लॅबखाली ट्यूबलाइटकडे यंत्र धरून उभा! शेवटी मीच ते पार्किंगमध्ये नेलं. दहा मिनिटं विचार करून त्या यंत्राने मला खाडीत उभं केलं. बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवून स्क्रीन दाबली, तर ढिम्म हललं नाही.

"पाणी कशाला लावता, खराब होईल ना," दुकानदार ओरडला. पावसाळी ट्रेकचं यंत्र, आणि त्याला पाणी लावायचं नाही!

सीवूड्सला एकजण जुना विकत होता. सेलचं झाकण उघडलं तर आत हिरवा, चिकट बुरा. "जरा पुसलं की झालं," म्हणत त्याने अंगठ्याने तो खरवडला आणि अंगठा स्वतःच्याच पँटला पुसला. मला शिसारी आली. ग्रूपवर विचारलं तर कहर. याने फोटो काढता येतात का, गुलाबी मिळतो का. एकीने लिहिलं, 'आपल्या लीडरबाईंच्या शॉर्टकटला यंत्र कशाला?' खाली हसण्याची रांग. आमच्या ट्रेकवाल्यांत ही एक घाण सवय आहे. वाट चुकलो, असं कुणी म्हणत नाही. लीडर म्हणतो, शॉर्टकट आहे, आणि मागच्यांना कळलं तरी ते माना डोलावतात. एका बाईचं हाड मोडलं होतं आणि आम्ही त्यावर विनोद करत होतो. मीही हसरा चेहरा टाकला.

शेवटी सगळ्यात साधा घेतला. छोटी स्क्रीन, ओल्या बोटानेही दबतील अशी बटणं, आणि कुठल्याही गावच्या टपरीवर मिळतात ते पेन्सिल सेल. उपग्रहावरून मेसेज पाठवणारा म्हणजे आमच्यासाठी नाकापेक्षा मोती जड. आतल्या नकाशात आपले डोंगर जवळजवळ कोरेच असतात, म्हणून वाटेची रेघ घरूनच भरून न्यावी लागते. बेलापूरच्या टेकडीवर दोन रविवार फिरवला. झाडीतही त्याने गेल्या वाटेने बरोबर परत आणलं.

सोमवारी डबा खाताना मी तो मैत्रिणीला दाखवला. "बघ, भिजला तरी चालतो."

तिने बटणं दाबून पाहिली. "त्या दिवशी तुझा फोनपण चालत होता," ती म्हणाली.

मी डब्यातली भाजी उगाच ढवळत बसले.

"मी तुझ्या मागेच होते गं. आपला ठिपका रेघेच्या बाहेर गेलेला. तू बघितलंस आणि फोन खिशात टाकलास."

खरं होतं. बारा जणींसमोर मागे फिरायची मला लाज वाटली होती. फोन नंतर भिजला, घळीत. महिनाभर मी दुकानदाराला, त्या अंगठेवाल्याला, ग्रूपला नावं ठेवत होते. आता स्वतःचीच इतकी किळस आली की मी डब्याला झाकण लावलं.

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?" मी विचारलं, आणि विचारल्याबरोबर जीभ चावली.

"तू लीडर होतीस ना."

तिने जीपीएस स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

"मी येणार आहे. पण हा माझ्याकडे राहील. आणि मी थांब म्हटलं की सगळ्यांसमोर थांबायचं."