पेटीतल्या कुरडया

आमच्या फाट्यावर माझा फ्लेक्स लागला तेव्हा मी अजून काहीच ठरवलेलं नव्हतं. देऊळगाव राजाची एस.टी. थांबते तिथे, रसवंतीच्या डोक्यावर, चांगला दहा बाय आठचा: ‘आपल्या गावची वाघीण झाली लष्करी अधिकारी, हार्दिक अभिनंदन.’ फोटो माझाच होता, पण मानेपर्यंत. दहावीच्या फॉर्मवरचा, दोन वेण्या, लाल रिबिनी. मानेखाली कोण्यातरी भक्कम साहेबाचं धड होतं, छातीवर पदकांच्या तीन ओळी आणि कमरेला पिस्तूल. फ्लेक्सच्या दुकानात बाईचा गणवेश नव्हताच म्हणे. खाली शुभेच्छुक म्हणून माझे काका, गॉगल लावून, माझ्या दीडपट. काका ग्रामपंचायतीचे सदस्य. बातमी शिळी व्हायच्या आत फ्लेक्स लागला पाहिजे, हे त्यांचं तत्त्व.

आई तो पाहायला मुद्दाम फाट्यापर्यंत चालत गेली. आली ती लालबुंद होऊन. माह्या पोरीले दुसऱ्याचं धड लावलं, असं म्हणत तिनं काकांना अंगणात उभं करून झाडलं. काका म्हणाले, वहिनी, डोकं तं तिचंच आहे नं.

बातमी खोटी नव्हती, अर्धी होती. बारावीत असताना मी सैनिकी अकादमीची लेखी परीक्षा दिली. मुलींना तिथे घ्यायला लागून फार दिवस झाले नव्हते. मग पाच दिवस चालणारी ती मुलाखत, जिथे दोरावर चढवतात, फळी घेऊन खड्डा ओलांडायला लावतात आणि शेवटी विचारतात की तुमच्या जिल्ह्यात पिकतं काय. मी सोयाबीनवर इतकी बोलले की समोरच्या साहेबांनी पाणी मागवलं. मग डॉक्टरी तपासणी, मग यादी, आणि यादीत मी. तेवढ्यात पुण्याच्या एका चांगल्या कॉलेजात संख्याशास्त्रालाही माझा नंबर लागला. अकादमीही पुण्याकडेच आहे म्हटल्यावर आईनं जागच्या जागी तोडगा काढला, की मिल्ट्रीत राह्य आणि तिथून कॉलेजात जात जाय. तसं नसतं म्हटलं, तर म्हणे, विचारून तं पाह्य.

मला अकादमीत जायचं होतं. आज हे एका ओळीत लिहून मोकळी झाले, पण तेव्हा महिनाभर ते तोंडातून निघालं नाही. कारण यादी लागली त्या दिवसापासून आई रडत होती. तिचं रडणं म्हणजे काम सोडून बसून रडणं नव्हे. रडत भाकरी थापायची, रडत म्हशीपुढे कुटार टाकायचं, मध्येच दुधाचा हिशेब विचारायला कोणी आलं की नीट उत्तर द्यायचं आणि परत सुरू. मी एकुलती एक. कॉलेजात गेलीस तर दिवाळीले येशील, मंग बँकेत लागशील, इकडंच बदली करून घेशील, असं तिनं माझं साठ वर्षांपर्यंतचं आयुष्य लावून ठेवलं होतं. माझा स्वभाव मुळात तापट. एकदा मी तडकून विचारलं, की वर्षभर मी पहाटे रस्त्यावर पळत होते तेव्हा कुत्र्यांसाठी काठी घेऊन वळणावर तूच उभी राहायचीस, तेव्हा काऊन नाही रडलीस? ती नाक पुसत म्हणाली, “तवा मले वाटलं, तू काही लागत नाही.”

बाबांचं वेगळंच. तरुणपणी ते तीनदा भरतीला गेले आणि तिन्ही वेळा छातीत कमी पडले. फुगवून एक बोट कमी. मला ते एवढंच म्हणायचे, तुझं तू पाह्य बाई, मी काही बोलत नाही. आणि काही न बोलता एका बाजाराच्या दिवशी ते काळीपिवळीच्या टपावर एक काळी लोखंडी पेटी बांधून घेऊन आले. अकादमीच्या सूचनापत्रात सामानाच्या यादीत अशीच पेटी होती. आई म्हणाली, हे काय? बाबा म्हणाले, घर म्हटल्यावर पेटी लागतेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेंटरला बोलावून तिच्यावर पांढऱ्या रंगात माझं नाव घालून घेतलं. घर म्हटल्यावर नावही लागतंच, असं ते म्हणाले नाहीत, पण चेहरा तसाच होता.

आई त्यांच्याशी भांडली नाही. तिनं उन्हाळ्यात केलेल्या कुरडया, पापड आणि शेवयांचे डबे आणून त्या पेटीत भरले आणि वरून कुलूप लावलं. किल्ली कमरेला. झालं, माझ्या लष्करी पेटीचं कोठार झालं. पोरीबाळी यायच्या आणि आई त्यांच्यासमोर ती पेटी उघडून तळायला कुरडया काढायची. बाबा बिचारे ते पाहत आणि उठून वावरात जात. तळलेल्या कुरडया मात्र सगळ्यांत जास्त तेच खात.

असं करता करता दोन्हीकडची शेवटची तारीख चार दिवसांवर आली. गावात मला कोणी सॅल्यूट ठोकायचं, कोणी विचारायचं की बंदूक घरी आणू देतात का. एका काकूनं तर माझ्या लग्नाची काळजी माझ्या तोंडावर करून घेतली. मी ओरडायचं तेवढं ओरडून घेतलं, आणि संध्याकाळी आईपुढे बसून खोटं बोलले. म्हटलं, तूच सांग, तू म्हणशील ते मी करीन. आईनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली की उद्या देऊळगाव राजाच्या बालाजीपुढं चिठ्ठ्या टाकू.

हे ऐकून माझं अवसान गळालं. कारण आईच्या चिठ्ठ्या आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहेत. बाबांना म्हैस विकायची होती तेव्हा चिठ्ठी निघाली, ‘ठेवा’. बोअर कोणाच्या वावरात घ्यायचा यावर बाबा आणि काकांचं वाजलं तेव्हा निघाली, ‘आमच्या’. त्या वेळी काकांनी उरलेली चिठ्ठी उघडून पाहिली, तर तीही ‘आमच्या’. तेव्हापासून आईनं नियम केला की उरलेली चिठ्ठी उघडायची नाही, उघडली तर देव कोपतो, ती वाहत्या पाण्यात सोडायची. घरात सगळ्यांना सगळं ठाऊक. पण देवाचं नाव आलं की आमच्याकडे कोणाची बोलायची हिंमत नाही.

म्हणजे दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘कॉलेज’ असणार, यात मला शंका नव्हती. मग मीही तिचीच लेक. सकाळी न्हाणीघरात मी एक चिठ्ठी लिहिली, ‘मिल्ट्री’, आईच्या वळणाचं अक्षर काढून, आणि मुठीत धरून एस.टी.त बसले. वेळ आली की वाटीत हात घालायच्या निमित्तानं बदलून टाकायची, असा माझा डाव. आई पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली. पिशवीत नारळ, स्टीलची वाटी आणि तिच्या चौकोनी घडीच्या दोन चिठ्ठ्या.

देवळात गर्दी फार नव्हती. आईनं चिठ्ठ्या वाटीत टाकल्या, वाटी हलवली आणि देवापुढे धरून डोळे मिटले. हीच वेळ होती. माझा हात पुढे गेला आणि मी तिच्याकडे पाहिलं. तिची हनुवटी थरथरत होती. नाही झालं माझ्याच्यानं. हात मागे घेतला आणि मनात म्हटलं, जाऊ दे, संख्याशास्त्र तं संख्याशास्त्र. आईनं बाहेरच्या फुलवाल्या म्हातारीला बोलावून आणलं, कारण चिठ्ठी तिऱ्हाइतानं उचलायची असते. म्हातारीनं एक उचलून माझ्या हातात दिली. मी उघडली.

‘मिल्ट्री.’

मी पहिल्यांदा मूठ उघडून पाहिली. माझी चिठ्ठी घामानं ओली होऊन जागच्या जागी होती. म्हणजे ही आईचीच. म्हणजे आईनं या वेळी इमानदारीनं दोन वेगळ्या चिठ्ठ्या लिहिल्या, आणि नेमकी तिच्या विरुद्ध निघाली. मला इतकं वाईट वाटलं की आनंद व्हायचा राहूनच गेला. आईनं चिठ्ठी पाहिली, देवाला हात जोडले, उरलेली चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली आणि तिथंच जोत्यावर बसून जी रडली, की दर्शनाला आलेल्या दोन बायाही तिच्यासोबत रडल्या. देवाची मर्जी, आपण कोण, असं ती त्यांना सांगत होती. घरी येईपर्यंत एस.टी.तल्या अर्ध्या बायांना माहीत झालं होतं की या माउलीची पोर देवानं मिल्ट्रीत धाडली.

घरी आलो तर अंगणात ती पेटी. उघडी, धुतलेली, रिकामी, उन्हात वाळत ठेवलेली. कुरडयांचे डबे ओसरीवर ओळीनं मांडलेले. मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, मले काऊन पाहतेस, तुह्या मायनंच सकाळी निघायच्या आधी रिकामी केली. तू न्हाणीघरात होतीस तवा मागच्या दारी चांगली घासून धुतली, मी हे सारं पुढं आणून मांडलं. मले वाटलं, मोडीत देते आता.

निघायच्या आधी. म्हणजे चिठ्ठी निघायच्या आधी.

आई चुलीपाशी चहा टाकत होती. मी मागून जाऊन तिच्या पदराची गाठ सोडली. तिनं माझा हात धरायला पाहिलं, देव कोपते म्हणाली, पण तोवर मी घडी उलगडली होती. उरलेल्या चिठ्ठीवर, तिच्या सातवी पास अक्षरात, ‘मिल्ट्री’.

मी तिच्यावरच चिडले. महिनाभर तू माझा जीव खाल्लास, मग सरळ जा म्हणायला काय झालं होतं? आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. म्हणाली, वर्षभर मी काठी घेऊन उभी राह्यली, तू कशी पळतेस ते मले दिसत नव्हतं का?

“मंग देवाला मध्ये कशाला आणलंस?”

“देवानं धाडली म्हटलं तं मले रडता येते वं,” आई म्हणाली. “म्याच धाडली असती, तं कोण्या तोंडानं रडली असती?”

मग तिनं माझी बंद मूठ पाहिली आणि विचारलं, त्यात काय आहे. मी उघडून दाखवली. तिनं ओली चिठ्ठी वाचली, दोन्ही शेजारी धरून पाहिल्या आणि म्हणाली की तुह्या अक्षरात वेलांटी चुकली. मग देवळात निघालेली धरून तिन्ही चिठ्ठ्या चुलीत घातल्या आणि चहा गाळायला घेतला. रडत.