साडूंचा रिजेक्ट माल

जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल आमच्या साडूंच्या डोळ्यांत पाणी येऊ शकतं, फक्त त्या गोष्टीवर डॉक्युमेंटरी निघालेली असली पाहिजे. नसली निघाली, तर ती गोष्ट त्यांच्या लेखी घडलेलीच नसते. शेजारच्या जिन्यात माणूस घसरून पडला तर हे त्याला ओलांडून वर जातील, पण कुठल्या तरी बेटावरच्या शेवटच्या कासवासाठी यांनी दोन दिवस जेवण टाकलेलं आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला कासारवाडीत, नोकरी चाकणच्या एका कंपनीत, गाडीचे सुटे भाग तपासायची. लोक आवडत्या हिरोच्या सिनेमाला पहिल्या दिवशी पहिला खेळ गाठतात, आमचे साडू शेवाळावरच्या माहितीपटासाठी हाफ डे टाकतात. सुपरवायझरनं विचारलं, "काय राव, घरी काही कार्य आहे काय?" तर हे म्हणाले, "आज रिलीज आहे."

बघून गप्प बसतील तर शपथ! प्रत्येक नवी डॉक्युमेंटरी आली की त्या घराची राज्यघटनाच बदलते. मुंग्यांवरची आली तेव्हा ओट्यापासून खिडकीपर्यंत साखरेची रेघ ओढली गेली आणि ताईला, म्हणजे माझ्या मेव्हणीला, ती रेघ ओलांडून पोळ्या लाटाव्या लागल्या. झोपेवरची आली त्या आठवड्यात आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. आठला पाच कमी असताना साडू उठले आणि दिवे घालवून मोकळे झाले. माझ्या पानात नुकतं पिठलं पडलं होतं. "मेंदूला अंधार लागतो," अंधारातून आवाज आला. "मेंदूला लागतो, मला भाकरी लागते," मी म्हणालो, पण तोवर ते घोरायलाही लागले होते. काचेवर आपटून मरणाऱ्या पक्ष्यांवरची आली तेव्हा त्यांनी सगळ्या खिडक्यांना बाहेरून वर्तमानपत्रं चिकटवली. कासारवाडीत पक्षी म्हणजे कबुतरं, आणि त्यांना काच कुठे आहे हे साडूंपेक्षा चांगलं ठाऊक. ती आरामात कट्ट्यावर बसून बातम्यांवर शिटायची.

त्यात हा माणूस पेशानं क्वालिटीवाला. कंपनीत चांगल्या मालाला हिरवा टॅग, दुरुस्तीच्या मालाला पिवळा आणि वाया गेलेल्याला लाल. साडू डॉक्युमेंटरीलाही टॅग लावतात. "पेंग्विन ओके आहेत हो, पण दिग्दर्शक मधे मधे फार रडतो. पिवळा. रिवर्क!" एकदा भरल्या पंगतीत माझ्या बायकोच्या पुरणपोळीला त्यांनी "कडेला जाडी जास्त" म्हणून पिवळा दिला. त्यानंतर वर्षभर तिनं त्यांना पुरणपोळीचा वाससुद्धा घेऊ दिला नाही.

या सगळ्याला घरात एकच माणूस पुरून उरायचा, तो म्हणजे साडूंचे वडील, अण्णा. पिंपरीच्या एका कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर जन्म गेलेला. त्या धडधडाटावर मात करून बोलायची सवय लागलेली, त्यामुळे ते कुजबुजले तरी खालच्या मजल्यावर ऐकू जायचं. साडू टीव्हीसमोर बसले की मागून तोफ सुटायची, "आरं, त्या देवमाशाला प्यायला पानी हाय का बघतुयास, हितं नळ येऊन गेला त्ये कोन बघनार?"

मग अण्णांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन केलं तर माणूस राहील, आवाज जाईल. हातात तीन आठवडे होते. साडूंनी त्या दिवशी टीव्ही बंद केला आणि मला फोन केला. "राव, आता मीच काढणार. अण्णांवर. आवाज जायच्या आत सगळं बोलून घेणार." आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं.

तीन आठवडे ते घर म्हणजे नुसता दंगा होता. साडू मोबाइल घेऊन अण्णांच्या मागे, अण्णा काठी घेऊन साडूंच्या मागे. "संडासात तरी जाऊ दे की मुडद्या!" हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे. अण्णा खुलले होते, गडगडाटी हसत होते, कधी नव्हे ते जुनं काय काय सांगत होते. ठरल्या दिवशी ऑपरेशन झालं, नीट झालं. आठ दिवसांनी अण्णा घरी आले, आणि त्यानंतरच्या रविवारी साडू चिंचवडला आमच्या दारात उभे राहिले. रविवार असून अंगात कंपनीचा शर्ट. सोफ्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

"राव, मी बापाला रिजेक्ट केला."

झालं होतं असं. कंपनीचा नियम आहे की नापास माल त्याच दिवशी तोडायचा, नाही तर तो चुकून चांगल्यात मिसळतो आणि कुणाच्या तरी गाडीला बसतो. पंचवीस वर्षांची सवय! हे दर संध्याकाळी क्लिपा तपासायचे, आणि फोकस गेला, हात हलला, कुकर वाजला, की पुसून टाक. कायमची. जोडायला बसले तर पास झालेली क्लिप एकच निघाली. अण्णा इस्त्रीच्या शर्टात खुर्चीवर ताठ बसले आहेत, उजेड फक्कड आहे, आणि ते चाळीस सेकंद एक अक्षर बोलत नाहीत, कारण साडूंनीच सांगितलं होतं, "थांबा, आधी लाइट बघतो."

या माणसाची मी इतकी वर्षं टिंगल केली, पण त्या दिवशी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "भावजी, कंपनीत माल तोडता तेव्हा नुसताच तोडता? कुठं लिहीत नाही?"

साडूंनी तिच्याकडे बघितलं, चहा तसाच ठेवला आणि स्कूटर काढली. मीही मागे बसलो.

नापास मालाची नोंद केल्याशिवाय हा माणूस झोपणं शक्य नव्हतं. कासारवाडीत कपाटातून शंभर पानी वही निघाली, रोज रात्री भरलेली. क्लिपचा नंबर, अण्णा काय म्हणाले ते शब्दन् शब्द, पुढे दोष. साडू अण्णांच्या पलंगावर बसून वाचायला लागले.

"सतरा. 'पयल्या पगारात तुझ्या आयला इरकल आनलं, तर म्हनली रंग जातुया.' दोष, हसताना मान बाहेर. बावीस. 'तू झालास तवा मी नाइटला हुतो. कुनी सांगितलंच न्हाई. सकाळी घरी आलो तर तू माज्या आधी येऊन झोपलेला.' दोष, मागे कुकर."

अण्णांनी साडूंच्या गुडघ्यावर चापट मारली आणि बोट फिरवलं. पुन्हा वाच. जोरात. साडूंनी घसा खाकरला आणि सगळी ताकद लावून, खालच्या मजल्यापर्यंत जाईल असं ओरडून वाचलं. ताई दारात येऊन उभी राहिली. गळ्याला पट्टी बांधलेले अण्णा वहीकडे न बघता ओठ हलवत होते, आणि आवाज त्यांच्या मुलाचा निघत होता.

साडूंनी फोनला हात लावला नाही. मी माझा काढला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. हात हलत होता, अण्णांचं डोकं निम्मं कापलं जात होतं, आणि मधे एकदा माझंच नाक जोरात वाजलं. ते सगळं मी तसंच ठेवलं आहे.