पहिला रिपोर्ट कुणाचा?

एकाच खोलीत बसून रोज तोच प्रश्न विचारला, की किस्से साठतातच. दौंड भागातल्या एका दवाखान्यात एचआयव्हीच्या तपासणीआधी आणि नंतर लोकांशी बोलायची माझी नोकरी होती. गावात मला ‘एड्सवाली बाई’ म्हणत. जणू मलाच झालाय!

दोन हजार तीन-चारची गोष्ट. पाच महिन्यांची गरोदर सुमन तपासणीला आली. सासूला आत घेतल्याशिवाय रिपोर्ट ऐकायला तयार होईना. रिपोर्ट पॉझिटिव्ह.

सासू म्हणाली, “हिचा पहिला आला. म्हंजी हिनंच आणला!”

माहेर ते सासर एवढाच सुमनचा प्रवास. नवरा बोअरवेल खोदायच्या गाडीवर, आठ-आठ महिने परराज्यात. तो बाहेर मोटरसायकलला टेकून उभा होता. त्याला म्हटलं, तुम्हीपण तपासून घ्या.

“मला कशाला? मी काय गरोदर हाय?”

त्याच आठवड्यात सुमनला माहेरी नेऊन सोडलं.

*

कुरकुंभच्या औषध कंपनीतला एक ऑपरेटर भलताच निर्धास्त होता. “मॅडम, प्लांटमध्ये हात घालायच्या आधी स्पिरिट, नंतर स्पिरिट. तेच मी तिकडं बायांकडं गेलो की करतो!”

“आग नाही होत?”

“व्हती की! म्हंजी जंतू मरत्यात.”

संबंधाच्या वेळीच विषाणू आत जातो, वरून पुसून काय होणार, असं सांगितलं. रक्त देऊन गेला, रिपोर्ट न्यायला काही आला नाही.

*

रेल्वेचा एक ड्रायव्हर प्लास्टिकच्या कव्हरमध्ये रेल्वेचं मेडिकल सर्टिफिकेट घेऊनच आला. “ए-वन फिट! हजार पॅसेंजर ज्याच्या हवाली करतात, त्याला कसला रोग असणार?”

अहो, त्यात नजर बघतात, हे नाही बघत, असं म्हटलं तर हसला. आठवड्यानं रिपोर्ट हातात दिला, तेव्हा हसला नाही. ए-वनच्याच कव्हरमध्ये मागच्या बाजूला सरकवला.

*

पूर्वी मेंढरं राखणारे एक आबा मुलाला घेऊन आले. माझ्यादेखत त्याची पापणी उलटून म्हणाले, “बघा, लालबुंद! म्हंजी रगत चांगलं. रोगट मेंढरू मी लांबनं वळखतो.”

“आबा, हा रोग वर्षानुवर्षं बाहेरून दिसत नाही.”

आबांनी मुलाची पापणी सोडली. “मग मेंढरंच बरी,” म्हणाले.

*

दोन वर्षांनी सुमनची सासू पुन्हा दारात. शेजारी एकोणीस-वीस वर्षांची पोरगी.

“मॅडम, या बारीला आधीच आणली. तपासा, मग कुंकू लावू.”

“आणि मुलगा?”

“त्याचं काय तपासायचं? त्यानं पहिलीपायी लई भोगलंय!”

असा राग आला! पण एकीचा रिपोर्ट दुसरीला सांगायचा नाही, हा आमचा नियम. पोरीचा रिपोर्ट चांगला आला. सासूला बाहेर बसवून तिला म्हटलं, “बाई गं, त्याचाही रिपोर्ट बघितल्याशिवाय हो म्हणू नकोस.”

“मला कोन इचारतंय, मॅडम?”

मग तिनं कागदाची नीट घडी घातली आणि हळूच म्हणाली, “ह्याची आनखी एक कॉपी द्या. एक माहेरी ठिवते. उद्या काय झालंच, तर माझा पहिला चांगला व्हता म्हनून दाखवता येईल.”