मॅडमळ रेषा

मंडळी, आज डोकं फिरलंय! आमच्या लातूरच्या क्लासमधले फिजिक्सचे सर समोरच्या क्लासला गेले आणि त्यांच्या जागी मॅडम आल्या. क्लासचे मालक मला म्हणाले, "सगळ्या नोट्समधलं 'सर' काढ, 'मॅडम' टाक."

मी पायथॉनची स्क्रिप्ट लिहिली अन् सगळ्या फायलींवर चालवली. 'सरळ रेषा' झाली 'मॅडमळ रेषा'. न्यूटनचा दुसरा नियम झाला 'दुमॅडमा नियम'!

घाबरून स्क्रिप्ट उलटी फिरवली, तर केमिस्ट्रीच्या जुन्या मॅडमसुद्धा 'सर' झाल्या. मूळ प्रत ठेवलीच नव्हती.

मालक ओरडले, "काय करायलास रे? लई हुशारी नको, सरळ काम कर!"

आता एकेक फाईल उघडून हातानं दुरुस्त करायलोय. सर क्लासमधून गेले हो, पण मराठीतून कसे काढायचे?